पाहुणीने काय काय ठेवावं

मार्च आला की जे. पी. नगरमधल्या आमच्या रस्त्याला वेड लागतं. पान नाही, काही नाही, झाडं नुसती गुलाबी होऊन बसतात आणि सकाळी फिरायला आलेली शहाणीसुरती माणसं फोन वर करून त्यांच्याखाली उभी राहतात. किती सुंदर, किती सुंदर! मी मात्र ती फुलं दिसली की मान खाली घालून चालते. कन्नड मुलखातल्या या गावात ती फुलतात तेव्हा परीक्षा असतात. आणि परीक्षा म्हटलं की मला ना गणित आठवत, ना भूगोल. गिरिजा आठवते.

गिरिजा माझी आत्तेबहीण. एका मार्च-एप्रिलात मी तिच्याशी जे वागले ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगायचा विचारही नव्हता, पण माझ्या लेकीने, ईराने, यंदा अभ्यासाच्या सुट्टीत नेमका तोच विषय काढला.

ईरा तेरा वर्षांची आहे. पुस्तक पुढ्यात उघडं ठेवून मांडीवरच्या टॅबवर ती मैत्रिणीबरोबर गोष्ट लिहीत असते. क्रॉसओव्हर म्हणे. एकीच्या गोष्टीतली माणसं दुसरीच्या गोष्टीत जातात. ईराची नायिका पाण्याला हाक मारते, मैत्रिणीची वाळवंटात राहते. "आई, लोचा झालाय," ती म्हणाली, "माझी नीरा तिकडे गेली तर तिच्या कुठल्या पॉवर्स चालणार? सगळ्या ठेवल्या तर ती वाळवंटात पूर आणेल, मग तिच्या हिरोइनला कामच नाही. आणि काढून घेतल्या तर मग नीराला नेऊन उपयोग काय? ती नीराच राहत नाही ना!"

मी म्हटलं, सोमवारी सायन्स आहे ना तुझं? आधी ते बघ. आईपणाचा हा एक फायदा आहे, उत्तर देता येत नसलं की ओरडता येतं. पण दिवसभर माझं डोकं काही जाग्यावर आलं नाही, कारण या प्रश्नाचं उत्तर मी पंधराव्या वर्षी देऊन बसले होते, आणि ते उत्तर देताना मला फार मजा आली होती.

दहावीच्या वर्षी जूनमध्ये गिरिजा आमच्याकडे राहायला आली. निपाणीची. तिचे वडील तंबाखूच्या वखारीत मुकादम होते, ते मे महिन्यात छातीच्या आजाराने गेले. आत्या दिरांच्या घरात एका खोलीत राहिली, आणि पोरीचं दहावीचं वर्ष वाया जायला नको म्हणून अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला इकडे घेऊन आले. तेव्हा आम्ही बनशंकरीत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी, वर गच्ची. एक खोली माझी होती. तिच्यात दुसरी गादी आली, माझ्या टेबलाचा अर्धा भाग गेला, आणि खिडकीत तिच्या आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा येऊन बसला.

आल्या दिवशी तिने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, भिंतीला लावून सरळ ठेवल्या, आत येऊन आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामी, मी पाणी भरतो." मी फिस्सकन हसले. तिकडच्या बायका 'मी येतो, मी जातो'च म्हणतात हे मला चांगलं ठाऊक होतं, आत्याही तशीच बोलायची. तरी हसले. आईने माझ्याकडे डोळे वटारले खरे, पण तिलाही हसू आवरत नव्हतं. गिरिजाला ते दिसलं. तेव्हापासून ती आमच्या घरात वाक्य आधी मनात लावून मग तोंड उघडायला लागली.

आमच्याकडे असं म्हणत नाहीत. आमच्याकडे आमटीत गूळ घालतात. आमच्याकडे टॉवेल इथे नाही, तिथे वाळत टाकतात. ही वाक्यं मी दिवसातून किती वेळा म्हणायचे देव जाणे. त्यातली निम्मी खोटी होती, आमच्याकडे टॉवेल कुठेही पडलेला असायचा.

पण पोरगी हुशार, आणि तीच खरी दुखरी बाजू. ती कन्नड शाळेत शिकलेली. इथेही तिला मागच्या गल्लीतल्या कन्नड शाळेत घातलं होतं. माझी शाळा इंग्रजी, माझा युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. जन्म या गावात होऊनही मी बसवरची कन्नड पाटी एकेक अक्षर लावून वाचायचे. गिरिजा आल्यावर अण्णांना निमित्तच सापडलं. रोज सकाळी दाढी करता करता म्हणायचे, "गिरिजाक्का, वाच बघू पेपर!" आणि ती घडाघडा वाचायची, मध्येच एखादा शब्द अडला तर अण्णांना त्याचा मराठी अर्थ सांगायची. मी समोर दूध घेऊन बसलेली. अण्णांनी मला आयुष्यात कधी अक्का म्हटलं नव्हतं.

आता गोष्टींचं सांगते. मी आधीपासून गोष्टी लिहायचे, रफ वहीच्या मागच्या पानांवर. माझ्या नायिकेचं नाव अग्निशिखा. ती तेजोनगरची राणी. हातातून ज्वाळा काढणं, उडणं, अदृश्य होणं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, लोखंड वाकवणं आणि वेळ थांबवणं, अशा तिच्या सहा शक्ती. सहाच्या सहा शिळ्या! कुठल्याही पोराने पाच मिनिटांत जमवाव्यात अशा. पण मला तेव्हा ती म्हणजे कल्पनेची हद्द वाटायची. फेब्रुवारीत अभ्यासाची सुट्टी लागली, दुपारी घर तापलेलं, आई आडवी झालेली, आणि गिरिजाने विचारलं, "मी पण एक लिहू काय?" मी राणीसारखी परवानगी दिली. ती इंग्रजीत लिहू शकत नव्हती, मला कन्नड येत नव्हतं, म्हणून दोघींनी मराठीत लिहायचं ठरलं.

तिच्या नायिकेचं नाव येसू. येसू वखारीत तंबाखूची पानं निवडायची. तिच्या शक्ती चार. कुठल्याही वस्तूचा वास घेतला की ती वस्तू कुणाकुणाच्या हातातून आली ते तिला कळायचं. ती कधी दमायची नाही. तिला कुठलंही दार बंद नसायचं. आणि चौथी, तिने कुणालाही नावाने हाक मारली की त्या माणसाला मागे वळून बघावंच लागायचं, मग ते माणूस कितीही लांब गेलेलं असो. मी वाचलं. हेवा वाटला, सरळच सांगते. माझ्या अग्निशिखेला आकाशभर आग लावून जे जमत नव्हतं ते हिने कापडाच्या चिंधीचा वास घेऊन केलं होतं. मी वही परत देत म्हटलं, "बरी आहे. शुद्धलेखन सुधार."

मग आम्ही एकमेकींच्या गोष्टीत जायचं ठरवलं. पहिली पाळी गिरिजाची, म्हणजे माझी अग्निशिखा वखारीत पाहुणी. मी विचारलं, तिच्या किती शक्ती ठेवणार? गिरिजा म्हणाली, "राहू देत की सगळ्या. कामाला येतील."

आणि खरोखर कामाला लावल्या हो तिने! तंबाखूच्या वखारीत आगवाली बाई, विचार करा. दुसरी कुणी असती तर आग काढून घेतली असती. गिरिजाने काय केलं, तर वखारीतल्या बायकांनी दारात ओली पोती अंथरली, अग्निशिखेला त्यांच्यावर उभं केलं आणि बोटाच्या टोकाएवढीच ज्योत काढायला लावली. त्या ज्योतीवर चहा झाला. उडता येतं म्हणून तिने उंच छपरावरची सटकलेली कौलं बसवून दिली. वेळ थांबवता येते म्हणून पाच मिनिटं थांबवून सगळ्या बायकांना पाठ टेकू दिली. बायका म्हणाल्या, ही बया रोज येऊ दे. माझी अग्निशिखा माझ्याकडे असताना नुसती गरजायची, तिच्याकडे जाऊन ती पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडली. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता.

पुढचं पान माझ्या हातात होतं. मी वखार पेटवली. अग्निशिखेला राग येतो, असं एक वाक्य लिहिलं, कशाचा ते लिहिलं नाही, आणि दोन पानं नुसती आग लिहिली. पोती, पानं, छत, दरवाजे. गिरिजाने मान खाली घालून सगळं वाचलं. तिचं बोट ओळींवरून फिरत होतं, कुठे काही राहिलं का बघावं तसं. मग तिने विचारलं, "बायका बाहेर पडल्या काय?"

मी म्हटलं, "ते लिहिलेलं नाही."

ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. मी खिडकीतला चटणीचा डबा उघडून शेवटची चमचाभर चटणी खाऊन टाकली.

नंतरची पाळी येसूची, तेजोनगरात येण्याची. तेव्हा मी नियम काढला. ज्याच्या घरी जायचं त्याच्या घरची रीत. पाहुणी दारात चपला काढते, तशा शक्ती वेशीबाहेर काढायच्या. आत एकच न्यायची, आणि कुठली ते घरमालकीण ठरवणार. गिरिजा म्हणाली, "मी तर सगळ्या ठेवल्या होत्या." मी म्हटलं, "तो तुझा प्रश्न." बाई गं, काय तो रुबाब! अजून आठवला की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

दारं बंद नसण्याची शक्ती पहिल्यांदा काढली. तेजोनगरात राणीच्या आज्ञेशिवाय दार उघडत नाही, कारण दिलं. मग न दमण्याची. राणीपेक्षा पाहुणी जास्त वेळ उभी राहिली तर राणीचा अपमान. मग वासाची. तेजोनगरात कशालाच वास नसतो, असं मी ठोकून दिलं. उरली हाक मारायची. ती मी ठेवली. मोठं मन करून ठेवली असं तेव्हा वाटलं, खरं म्हणजे ती काढायला मला कारण सापडेना.

एका दुपारी गिरिजाने लिहिलं, की तेजोनगराबाहेर नदी आहे आणि येसू रोज तिथे जाते. पलीकडच्या काठावरून एक माणूस पाठमोरा चाललेला असतो, खांद्यावर पोतं, एक खांदा जरासा खाली. येसू काठावर उभी राहते, श्वास घेते. इथे पान संपलं होतं, हाक पुढच्या पानावर होती. तो माणूस कोण ते मला लगेच कळलं. मामांचा, म्हणजे गिरिजाच्या वडिलांचा, एक खांदा खाली होता. लहानपणी त्याच खांद्यावर बसून मी निपाणीचा बाजार पाहिला होता. सगळं कळत होतं मला. न कळता केलं असं म्हणायचीही सोय नाही.

मी तिच्या हातातून वही घेतली आणि म्हटलं, "तेजोनगरात माणसांना नावं नसतात, नंबर असतात. हाक चालणार नाही." ते पान खोडलं. उभ्या दोन रेघा, लाल पेनाने. गिरिजा मला एवढंच म्हणाली, "नंदू, एवढं एक राहू दे गं." मी नाही म्हटलं. नियम म्हणजे नियम.

ती रडली वगैरे नाही. उठून चेहरा धुऊन आली आणि म्हणाली, बरं, मग येसूने काय करायचं? मी सांगत गेले, ती लिहीत गेली. येसू तेजोनगरात पाणी भरते. येसू राणीच्या दालनात झाडू मारते. येसूचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, म्हणजे गिरिजाचं. मी सांगायचे आणि ती आपल्या त्या सुंदर वळणदार अक्षरात लिहायची, की येसू दमली.

या वयात मी विचार करते, की शक्ती काढून घेतल्याशिवाय गोष्ट चालत नाही हे काही खोटं नाही. इथे येणारं प्रत्येक माणूस काही ना काही बाहेर ठेवूनच आत येतं. माझी आई पुण्यात असताना भांडणात एक नंबर होती. दूधवाला, भाजीवाला, शेजारीण, कुणी तिच्यापुढे टिकायचं नाही. लग्न होऊन या गावात आली आणि ऑटोवाल्यासमोर "सरी, सरी" म्हणत गप्प बसायला शिकली, कारण भांडायला भाषाच नव्हती. तिची ती जीभ वेशीबाहेर राहिली ती राहिलीच. मला एवढं कळत असेल तर माझ्या आईला गिरिजा का कळली नाही, असं मी कधी कधी स्वतःला विचारते. मग वाटतं, जिचं काढून घेतलंय ती दुसरीचं राखते हा आपला गोड समज. तिला उलट वाटतं, मी नाही का राहिले तशी? हिलाही जमेल.

पण एक गोष्ट मला आता पक्की कळते. काढून घेण्यात मौज असते. गोष्ट नीट चालावी म्हणून मी काही काढलं नव्हतं. गिरिजा चहाच्या वेळी "मामी, दूध लागतंय" असं बाहेरच्या खोलीतून सांगायची, वासावरून, आणि आई पळत जायची. एकदा मी तिला म्हटलं, सारखं वास काय घेतेस कुत्र्यासारखी? त्यानंतर दूध दोनदा लागलं. गिरिजा बाहेर बसलेली होती, तिला वास आलाच असणार, ती बोलली नाही. मी जिंकले होते.

परीक्षा संपल्या. एप्रिल आला. गुलाबी फुलांचा रस्त्यावर चिखल होऊन गेला होता. गिरिजाच्या मनात एकच होतं, इथेच राहून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घ्यायचं. वखारीतल्या बायकांच्या छातीत नेमकं होतं काय, ते तिला शिकायचं होतं. तसं ती मला गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलली होती, एकदाच, चिमटे दातात धरून, आणि लगेच "कुणाला सांगू नको" म्हणाली होती. निपाणीत तेव्हा तिचे काका म्हणत होते, झालं दहावीपर्यंत, आता पोरगी घरी आणा, आईला हाताशी होईल. आत्याचा फोन आला की अण्णा नुसतं हं, हं करायचे.

त्या दुपारी आई साखरांब्यासाठी कैऱ्या किसत होती आणि मी सालं काढून देत होते. घरभर आंबट वास. गिरिजा वर कपडे वाळत घालत होती. आई आवाज खाली आणून म्हणाली, "नंदू, खरं सांग. गिरिजाला इथे राहायचंय का? अण्णा म्हणतायत ठेवून घेऊ दोन वर्षं. खोली तुझी आहे, त्रास तुला होणार. पण तिच्या मनात काय आहे?"

तुम्ही म्हणाल, त्या पोरीलाच का नाही विचारलं? आमच्यासारख्या घरांत पाहुणीला असं तोंडावर विचारत नाहीत. विचारलं तर ती बिचारी भिडेपोटी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणणार, मग विचारून तिला कशाला अवघडवायचं? म्हणून तिच्या वयाच्या, तिच्या खोलीतल्या, तिच्या जवळच्या मुलीला विचारायचं. फार समंजस पद्धत आहे. मी त्या जवळच्या मुलीच्या खुर्चीत बसले होते.

मी म्हटलं, "तिला इथे अजिबात करमत नाही गं. रोज रडते. आईकडे जायचं म्हणते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही."

एका दमात. विचारही करावा लागला नाही, जणू पाठच होतं. आईने किसणी खाली ठेवली, पदराने हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही दिसलं. "मला वाटलंच," ती म्हणाली. अण्णांनी रात्री जेवताना गिरिजाला विचारलं, आईकडे जायचंय ना बाळ? गिरिजाने ताटातून मान वर केली, आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, मामा." बघा, म्हटलं नव्हतं? आई माझ्याकडे बघून मान हलवत होती.

चार दिवसांनी सकाळच्या बसने ती गेली. निकाल लागला तेव्हा तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. अण्णांनी दोन दिवस पेपर उघडला नाही. मला माझी खोली परत मिळाली. टेबल अख्खं मिळालं. एकदा लिहायला बसले, तर अग्निशिखेला काय करायला लावावं तेच सुचेना, आणि मी ती वही रद्दीत टाकून दिली.

गिरिजाचं वाटोळं झालं असंही नाही, म्हणजे मला तेवढंही मोठेपण मिळालं नाही. तिने निपाणीतच पुढचं शिक्षण घेतलं, शाळेत शिक्षिका झाली, नवरा चांगला मिळाला, घर बांधलं. लग्नाकार्यात भेटतो, हसतो, बोलतो. तिची मुलगी वेदा मला मावशी मावशी करते. छातीचं, सायन्सचं तिने पुन्हा कधी नाव काढलं नाही.

हे सगळं त्या दिवशी डोक्यात घोळत राहिलं. संध्याकाळी ईरा पुन्हा आली, म्हणाली, आमचं सॉल्व्ह झालं. कसं? "सिंपल आहे ना. मी तिला विचारलं, तुझ्या वाळवंटाला काय हवंय? तिने मला विचारलं, नीराला काय सोडवत नाही? मग जमलं." मी म्हटलं, आणि दोघींचं नसतं जमलं तर? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला त्या पोरीसमोर लाज वाटली. "आई, जिचं कॅरेक्टर आहे तिला न विचारता कसं ठरवणार?" सायन्सला पन्नासात तेवीस मिळाले तिला, ती गोष्ट वेगळी.

आणि मग याच एप्रिलमध्ये गिरिजाचा फोन आला. पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आलोय, चिकपेटला येतेस काय? मी मेट्रोने गेले. तिला त्या गर्दीत बघणं म्हणजे तमाशा होता. तीन दुकानदारांना ती एकाच वेळी कन्नडमध्ये फैलावर घेत होती, काठ उलटा करून बघत होती, "स्वल्प सुमनिरी" म्हणून चौथ्याला गप्प करत होती. मी मागे पिशव्या धरून उभी. या गावात जन्म गेला माझा, आणि दुकानदार माझ्याशी हिंदीत बोलत होते.

साड्या झाल्यावर कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने कॉफी घेतली. तिने सांगितलं, वेदाला इथे पीयूसीला प्रवेश घ्यायचाय, सायन्सला. मला एकदम भरून आलं. मनात आलं, देवाने संधी दिली बघ. मी घाईघाईने म्हटलं, "मग आमच्याकडेच राहू दे. ईराची खोली मोठी आहे, दोघींचं छान जमेल. मी सगळं बघेन, गिरिजा."

"हॉस्टेल ठरलंय," ती म्हणाली. "बनशंकरीत."

"अगं, बनशंकरी माझ्यापासून पंधरा मिनिटांवर! घर असताना हॉस्टेल कशाला?"

तिने कॉफीवर फुंकर घातली, एक घोट घेतला. "नंदू, त्या दिवशी मी चिमटे न्यायला खाली आलो होतो."

कुठल्या दिवशी, असं मी विचारलं नाही. ते नाटक मला जमलं नसतं. पण माझ्या तोंडून जे निघालं ते त्याहून वाईट होतं. "मग तू बोलली का नाहीस? तेव्हाच आत येऊन सांगायचंस ना, ही खोटं बोलतेय म्हणून!" पंचवीस वर्षांनी मी तिच्यावरच डाफरले. शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला.

"कुणाच्या घरात सांगायचं?" गिरिजाने विचारलं.

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मला वाटलं तूच सांगशील. चार दिवस वाट बघितली. बस सुटताना तू खिडकीशी आलीस, म्हटलं आता सांगणार. तू पाण्याची बाटली दिलीस."

मी माफी मागितली. नीट मागितली. वखारीची, नदीच्या पानाची, दुधाच्या वासाची, सगळ्याची. बोलता बोलता रडले, त्या गर्दीत, साड्यांच्या पिशव्यांमध्ये. तिने सगळं ऐकून घेतलं. वही तिला आठवत होती, वखारही. म्हणाली, "ते पोरवय होतं गं, ते मी कधीच सोडलं." मला हुश्श वाटणार तेवढ्यात पुढे म्हणाली, "दुसरं न्हाय सोडलं. मामींना मी सांगितलं नाही. वेदालाही सांगितलं नाही. तिला तू आवडतीस, आवडू दे. पण तुझ्या घरात माझी लेक मी ठेवणार नाही." आवाज चढला नव्हता. कॉफीत साखर नको म्हणावं, तसं म्हणाली.

मग पर्समधून तिने एक घडी घातलेला कागद काढला. हॉस्टेलचा फॉर्म. "हे एवढं बघून दे. इंग्रजी तुझं चांगलं आहे, चूक नको राहायला." मी चष्मा लावला. अक्षर तेच, वळणदार. वेदाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, शाळा, सगळं बरोबर होतं. खाली स्थानिक पालकाचा रकाना होता. मुलगी आजारी पडली, काही झालं, तर कुणाला बोलवायचं ते. तिथे येलहंकातल्या कुणा गृहस्थाचं नाव आणि पत्ता होता. येलहंका म्हणजे गावाचं पार दुसरं टोक, तिथून बनशंकरीला यायला दोन तास.

"हे कोण?"

"आमच्या शाळेतल्या क्लार्कचे भाऊ. एकदा भेटलेत. बरी माणसं वाटली."

मी तो रकाना पुन्हा वाचला. गिरिजा पिशव्या मोजत होती, माझ्या हातातली तिने काढून घेतली होती. पत्त्यातल्या पिनकोडमध्ये एक आकडा कमी होता. मी फोनवर शोधून तो भरला आणि फॉर्म तिला परत दिला.